चिपाडावर धिंगरी वाढवून दिव्याची शेड करतोय, तीनदा फसलो. कुठे चुकतंय?

पॅटर्नवाला (कोल्हापूर), 6 जानेवारी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी पॅटर्न मेकर. शिरोलीच्या फौंड्र्यांना लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा वाळूचा साचा उठवतात तो नमुना, करून देण्यात एकतीस वर्षं गेली. हल्ली नवं काम सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या यंत्रावर, जातं, आमच्याकडे येते ती दुरुस्ती. वेळ भरपूर, आणि नुसतं बसवत नाही. मुलगी पुण्यात डिझाइन शिकते. दिवाळीला आली तेव्हा पिशवीतून एक पांढरी वीट काढून तिनं माझ्या हातात ठेवली. मला वाटलं थर्माकोल. दाबली तर वर मखमलीसारखी साल, आणि वास पावसाळ्यातल्या लाकडाच्या वखारीचा. म्हणाली, बाबा, हा गव्हाचा भुसा आहे, धिंगरी अळंबीच्या जाळ्यानं बांधलेला. आपण खातो ती वरची छत्री. तिचा खरा पसारा खाली असतो, केसापेक्षा बारीक पांढरे धागे. ते भुसा खात खात त्यालाच जखडून टाकतात. मग गरम करून मारायचं, की झाली वीट.

साच्यांच्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून झोप कशी लागणार?

ठरवलं, जेवणाच्या टेबलावर टांगायची शेड करायची. घंटेचा आकार, तोंड 240 मिमी, उंची 180, भिंत 25.

पहिला प्रयत्न. पाहुण्यांच्या गुऱ्हाळातून ताजं चिपाड आणलं, कडबाकुट्टीतून बारीक केलं. पातेल्यात गरम पाणी ओतून अर्धा तास झाकून ठेवलं, निथळलं, गव्हाच्या दाण्यावरचं स्पॉन (अळंबीचं बियाणं) मिसळलं. साचा पाइनचा, दोन तुकड्यांचा, आतून एकदम गुळगुळीत. पॅटर्नला आम्ही चपडा (स्पिरिटात विरघळवलेली लाख) मारतो, तो मुद्दाम मारला नाही. म्हटलं स्पिरिटनं बुरशी मरेल. तिसऱ्या दिवशी फटीतून केशरी भुकटी बाहेर आली. अगदी गावठी शेंदूर. चौथ्या दिवशी ती रंध्यावर, कपाटावर, माझ्या चष्म्याच्या घरावर.

दुसरा प्रयत्न सोयाबीनच्या भुशावर, त्याच साच्यात. साचा धुऊन उन्हात ठेवला होता. या वेळी पांढरं जाळं झकास धरलं. आठव्या दिवशी साचा उघडायला गेलो तर उघडेना. छिन्नी घातली तेव्हा कळलं, धिंगरीनं भुसा तर धरलाच, माझं पाइनसुद्धा धरलं. जाळं लाकडात शिरलेलं. शेड निघाली ती साच्याच्या आतल्या फळीची सालपटं घेऊनच. वाळूचा साचा पॅटर्नला चिकटतो म्हणून आयुष्यभर शिव्या दिल्या, पण वाळूनं पॅटर्न खाल्ला नव्हता कधी.

तिसरा. बायकोची प्लास्टिकची मोठी वाडगी बाहेरून, लहान आतून. आकार साधा, पण निघाला. भिंत मात्र जाड झाली, 60 मिमीच्या आसपास. वरून चुना फासल्यासारखी पांढरी, कापली तर मधे भुसा कोरडा, सुटा. वर आणखी एक गंमत, वाळवायला दोन दिवस उशीर झाला तेवढ्यात काठावर पाच-सहा छत्र्या फुटल्या. उन्हात वाळवली तर तोंड 240 चं 226 झालं, आणि तेही गोल नाही, अंडाकार.

आता विचारायचं ते असं. केशरी प्रकार काय आहे आणि वर्कशॉपमधून कसा घालवू? भिंत किती जाड चालते? आणि मुख्य म्हणजे आकुंचनाला किती धरू? बिडाला आम्ही शंभराला एक धरतो, त्याची वेगळी पट्टीच असते. याची पट्टी कुठे मिळेल?

---

धिंगरी_मुळशी, 6 जानेवारी

दादा, आधी ते केशरी पडलेलं चिपाड वर्कशॉपमध्ये हलवू नका. ओल्या गोणपाटात गुंडाळा, बाहेर न्या, उकळतं पाणी ओता. कोरडं झाडू नका, फडक्यानं पुसा.

मी नऊ वर्षं धिंगरी करते, भाताच्या पेंढ्यावर. चिपाड मी एकदाच वापरलं. गुऱ्हाळाच्या चरकातून निघालेल्या चिपाडात गोडवा उरतो, आणि गोडव्यावर सगळे जण धिंगरीच्या आधी पोचतात. वापरायचंच असेल तर चार पाण्यांनी धुवा, शेवटच्या पाण्याची चव घेऊन बघा. सोयाबीनचं काड, भाताचा पेंढा बरा. इचलकरंजी तुमच्या शेजारीच, सूतगिरणीतला टाकाऊ कापूस मिळाला तर सोनं.

अर्धा तास कढत पाणी म्हणजे काहीच नाही. पाणी 80 अंशांना आणून त्यात काड तासभर बुडवून ठेवायचं, वर दगड. शेतकरी मेळाव्यात तुम्हाला कोणी फॉर्मेलिन आणि बाविस्टिन (बुरशीनाशक) यांची पद्धत सांगेल, 100 लिटर पाण्यात 125 मिली आणि साडेसात ग्रॅम, रात्रभर भिजवण. मोठ्या प्रमाणावर अळंबी करणाऱ्यांना ती चालते. तुम्ही घराच्या खोलीत बसून हातानं आकार दाबणार, त्या वासात करू नका.

ओल मुठीत बघा. काड घट्ट पिळलं तर बोटांच्या फटीतून दोन-तीन थेंब यावेत. धार लागली तर आत सडणार. एकही थेंब नाही तर तुमच्या तिसऱ्या शेडसारखं पोट कोरडं राहणार.

आणि एक, छत्र्या फुटू देऊ नका. खायला छान, पण खोलीत त्यांचे बीजाणू धुरासारखे उडतात. माझ्या सासूबाई पहिल्या वर्षी काढणीला मास्कशिवाय बसायच्या, संध्याकाळी ताप आणि खोकला. डॉक्टरांनी छातीची ॲलर्जी सांगितली. आता आमच्याकडे मास्कशिवाय कोणी आत जात नाही.

---

निवृत्त_सूक्ष्मजीव (सांगली), 7 जानेवारी

तुमचा शेंदूर म्हणजे बहुधा न्यूरोस्पोरा. रंग, वेग आणि ऊस, तिन्ही जुळतंय. शिळ्या पावावरही येते. बीडल आणि टेटम यांनी 1941 मध्ये याच बुरशीवर प्रयोग करून जनुकं आणि विकरं यांचं नातं दाखवलं, 1958 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तेव्हा रागावू नका, पाहुणी मोठी आहे.

गंमत पुढे आहे. हिचे एक प्रकारचे बीजाणू उष्णतेनं जागे होतात. 60 अंशांच्या आसपास अर्धा तास मिळाला की रुजायला लागतात. जळालेल्या उसाच्या फडात ही केशरी बुरशी दिसते ती याचमुळे. तुम्ही पातेल्यात गरम पाणी ओतून झाकण ठेवलंत, म्हणजे तिच्यासाठी गजर लावलात. बाकीचे प्रतिस्पर्धी मेले, ही उठली, समोर साखर.

पहिल्या काही खेपा छोट्या करा आणि सरळ प्रेशर कुकरमध्ये तासभर वाफवा. शिट्टीच्या दाबाला 121 अंशांच्या जवळ तापमान जातं, तिथे ही टिकत नाही. पुढे हिरवी भुकटी आली तर ती ट्रायकोडर्मा, शेतकरी बियाण्याला चोळतात तीच. ती जाळ्यावरच हल्ला करते, पिशवी वाचवायच्या फंदात पडू नका.

---

शंकासुर, 7 जानेवारी

सगळं छान आहे हो. पण 2018 ला राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून दर गणपतीला कोणीतरी येऊन सांगतं, आता मशरूमचं मखर. मखर कुठे आहे? आमच्या कुडाळात जुलैमध्ये चामड्याच्या चपलेला बुरशी येते, आणि तुम्ही बुरशीचीच शेड टांगणार. दोन महिन्यांत पुन्हा वाढायला लागली तर?

बाकी बुरशी कठीण असू शकते हे मान्य. आजीच्या बटव्यात फणसांबा असायचा, फणसाच्या खोडावर येतो तो. लाकडापेक्षा टणक. सहाणेवर उगाळून लहान मुलांची लाळ थांबायला लावायची. ती वस्तू माझ्या जन्माआधीची होती आणि अजून तशीच आहे.

---

आइंडहोवनकर, 8 जानेवारी

काका, मी मूळचा साताऱ्याचा, इथे नेदरलँड्समध्ये उत्पादनांचं डिझाइन करतो. 2019 च्या डच डिझाइन वीकमध्ये आमच्या गावात ग्रोइंग पॅव्हिलियन उभा होता, बाहेरच्या भिंतींना मायसेलियमची, म्हणजे याच धाग्यांच्या जाळ्याची, पॅनेल. मी नवीनच आलो होतो. ऑक्टोबरचा पाऊस, आणि लोक भिंतीला हात लावून बघतायत, नाक लावून वास घेतायत. मीही लावलं. त्याआधी 2014 मध्ये न्यूयॉर्कला, मोमा पीएस1 या कलासंग्रहालयाच्या अंगणात, मक्याच्या ताटांच्या आणि मायसेलियमच्या सुमारे 10,000 विटांचा मनोरा बांधला होता, हाय-फाय नावाचा. उन्हाळा संपल्यावर उतरवून त्याचं खत केलं.

हे सांगायचं कारण असं की दोन्ही तात्पुरती होती. शंकासुर यांचा मुद्दा बरोबर आहे, हा माल पाणी पितो. पण पुन्हा वाढणार नाही. नीट गरम केलं की जाळं मरतं. नंतर बुरशी आली तर ती बाहेरून आलेली, चपलेवर येते तीच.

तुमच्या जाड भिंतीचं. धाग्यांना हवा लागते. साच्याच्या पृष्ठभागापासून जसजसं आत जाल तसा प्राणवायू कमी. म्हणून दोनदा वाढवा. आधी पिशवीत पाच-सहा दिवस, भुसा पांढरा होईपर्यंत. मग स्वच्छ हातांनी तो फोडून मोकळा करा, किलोमागे एक-दोन चमचे कणीक मिसळा आणि मग साच्यात दाबा. तुटलेले धागे दुप्पट जोमानं एकमेकांना शोधतात, आणि या वेळी पोटातही जाळं आधीच असतं. चार दिवसांत धरेल. स्पॉन हात आखडून घालू नका. अळंबी काढणारे ओल्या काडाच्या दोन ते पाच टक्के घालतात, आपल्याला दहा टक्के तरी. 25 ते 30 मिमी भिंत उत्तम. मजबुती हवी असेल तर जाडी वाढवू नका, आतून बरगड्या द्या. हे तुम्हाला मी काय सांगणार.

साच्यातून काढल्यावर लगेच वाळवू नका. स्वच्छ पिशवीत सैल झाकून दीड-दोन दिवस ठेवा, मखमली साल तेव्हा येते. छत्र्यांना उजेड आणि मोकळी हवा लागते, म्हणून अंधारात आणि पिशवीत.

आकुंचनाची पट्टी मिळणार नाही. भुसा किती बारीक, किती दाबला, ओल किती, प्रत्येक खेपेला वेगळं. पण एक करता येतं. तुमची शेड 226 ला थांबली ना? मग 226 चा एक कोअर, म्हणजे आत बसणारा ठोकळा, करा आणि शेड त्यावर घालून वाळवा. ती आक्रसत येऊन कोअरवर बसेल, अंडाकार होणार नाही. कोअर मोठा केलात तर मात्र उभी चीर जाणार.

वरून पाण्यापासून थोडं संरक्षण हवं असेल तर शेलॅक.

ता. क. कधी धिंगरीऐवजी गॅनोडर्मा (लाकडावर येणारी टणक अळंबी) करून बघा. अमेरिकन कलाकार फिल रॉस यानं 2009 मध्ये ड्युसेलडॉर्फला त्याच्या विटांची चहाची खोली बांधली होती, आणि त्याच अळंबीचा चहा लोकांना पाजला. त्या विटा इतक्या कठीण की कापताना हत्यारं खराब झाली.

---

पॅटर्नवाला (कोल्हापूर), 8 जानेवारी

शेलॅक म्हणजे चपडाच की वो! डबा भरून आहे माझ्याकडे. तोच साच्याला मारला असता तर पाइन वाचलं असतं.

कोअरवर वाळवायचं डोक्यात कसं आलं नाही याचीच लाज वाटली. मी इतके दिवस आकुंचन आधीच मोजून साच्यात धरायला बघत होतो, धंद्याची खोड. ताई, तुमची मुठीची परीक्षा फौंड्रीत वाळूला करतात, अगदी हुबेहूब. मूठ आवळायची, उघडायची, गोळा मोडून बघायचा. ते वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं, जमेल हे.

सांगलीच्या बाई, गजर लावला म्हणालात ते घरात वाचून दाखवलं. बायको अजून हसतेय.

---

धिंगरी_मुळशी, 9 जानेवारी

थंडी आहे तोवर करून घ्या दादा. 22 ते 28 अंशांत ती खूश असते. तुमच्याकडे आत्ता रात्री गारठा असेल तर पिशव्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागे ठेवा. एप्रिलमध्ये वर्कशॉपच्या पत्र्याखाली ठेवल्यात तर जाळं शिजेल.

---

पॅटर्नवाला (कोल्हापूर), 19 फेब्रुवारी

उशिरा लिहितोय, माफ करा. मधे दोन खेपा झाल्या.

चौथी खेप हिरवी पडली. कारण मीच. कुकरमधून काढलेला भुसा गार व्हायला पंख्याखाली पसरला, आणि पंख्याच्या पात्यावर वर्षभराची धूळ. पिशवी तशीच बांधून बाहेर टाकली.

पाचवीचं सांगतो. सोयाबीनचा भुसा, सूतगिरणीतला थोडा कापूस, कुकरला तीन हप्त्यांत वाफवला. बायकोला तीन दिवस दुसऱ्या भांड्यात डाळ शिजवावी लागली, त्याची किंमत वेगळी चुकवली आहे. फ्रिजच्या मागे सहा दिवस. सातव्या दिवशी पिशवी बाहेर काढली तर आतला गोळा एकजीव, ठोकला तर ढप्प आवाज. फोडताना जीवावर आलं. हात स्पिरिटनं पुसून फोडला, कणीक घातली, साच्यात दाबला. साचा नवीन, पाइनचाच, आतून चपड्याचे चार हात आणि वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म. दोन अंशांचा उतार दिला होता, पण खरं तर त्याची गरजच पडली नाही. पाचव्या दिवशी साचा उघडला आणि शेड आपोआप हातात आली, किंचित आक्रसून साच्यापासून सुटलेली. बिडाच्या कामात अशी सुटलेली वस्तू बघायला मिळाली तर मोल्डर पेढे वाटेल.

दोन दिवस पिशवीत सालीसाठी. ओलं वजन 1,140 ग्रॅम. 226 च्या कोअरवर घालून तीन दिवस उन्हात, मग मुलीच्या मैत्रिणीच्या बेकरीत पाव निघाल्यावर भट्टी उतरत असते त्या वेळी तीन तास. माझ्या काटा लावलेल्या थर्मामीटरवर 80 आणि 90 च्या मधे. बाहेर आली तेव्हा 390 ग्रॅम. तोंड 227, गोल. एका जागी केसाएवढी चीर आहे, ती कोणाला दिसत नाही, मला दिसते.

दोन गोष्टी आधी कोणी सांगितल्या नव्हत्या म्हणून लिहून ठेवतो. होल्डरसाठी भोक वाळल्यावर पाडलं तर कडा भुसभुशीत होते. साच्यातच लाकडी खुंटी चपडा मारून उभी ठेवा, भोक जाळ्यानं स्वतःच बंद केलेल्या काठासकट मिळतं. आणि शेडचं वजन मालावर घेऊ नका, आतून 80 मिमीची पत्र्याची चकती द्या, वायर तिला. दिवा 5 वॅटचा एलईडी. जुना तारेचा बल्ब लावायचा विचारसुद्धा नको, शेवटी भुसा आहे तो.

मुलीनं बघून पहिली तक्रार केली की उजेड भिंतीतून पार होत नाही, सगळा खालीच पडतो. ताट दिसतं, समोरच्याचं तोंड दिसत नाही. माझं म्हणणं, जेवताना ताटच दिसावं. तिचं म्हणणं, भिंत 10 मिमी करून बघू. ती म्हणते त्यात भुशाऐवजी नुसता कापूस घालायचा. चपडा बाहेरून मारू दिला नाही तिनं, मखमल जाते म्हणे. आतून मारलाय. शंकासुरभाऊ, जुलैत काय होतं ते इथेच येऊन सांगेन, चपलेसकट.

आणि तो पहिला साचा, धिंगरीनं खाल्लेला. पाण्याच्या टाकीखाली टाकून दिला होता. परवा सकाळी नळ सोडायला गेलो तर पार्टिंगच्या रेषेतून (साच्याचे दोन तुकडे जुळतात ती फट) चार छत्र्या बाहेर आलेल्या, एका ओळीत, जणू मार्किंग करून लावल्यात. बायको सुरी घेऊन आली होती. मी तिला थांबवलं, त्या साच्याला बाहेरून जुना लाल ऑइल पेंट मारलाय. ती म्हणाली, मग ताईंना विचार खायच्या कशावर वाढवायच्या ते. तर ताई, पेंढ्याची एक पिशवी कशी भरायची ते जरा सविस्तर सांगा.